पोस्टामागची रांग

"सिस्टर न्थाबिसेंग, ऊ तेंग?"

कोणी उत्तर दिलं नाही. व्यासपीठावरच्या बाईंनी चष्मा नाकावर सारखा केला आणि पुन्हा पुकारलं, "सिस्टर न्थाबिसेंग, ऊ तेंग?"

हॉलमध्ये सत्तर-ऐंशी नर्सेस बसलेल्या, आणि एकीच्याही तोंडून शब्द फुटेना. मला काही राहवेना. नगरच्या नर्सिंग स्कूलमध्ये तीन वर्षं मी मैत्रिणींच्या हजेऱ्या लावल्या होत्या. कोणाचंही नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं की मी आपोआप उभी राहायची. अडतिसाव्या वर्षीही ती खोड गेली नव्हती. मी ताडकन उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऑन ड्युटी, मॅडम! फीमेल वॉर्डात आहे. एकला सुटेल."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या नर्सने ब्लँकेटचा काठ तोंडाशी धरला. शेजारच्या मुलीने माझा स्वेटर ओढून मला खाली बसवलं आणि कानाशी लागून म्हणाली, "सिस्टर बिंगा, ही ह्या वर्षी वारलेल्यांची यादी आहे. ही न्थाबिसेंग वेगळी. पलीकडच्या खोऱ्यातल्या दवाखान्यातली. मे महिन्यात गेली ती."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

ही दोन हजार तीन सालच्या जुलैमधली गोष्ट, लेसोथोमधली. दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला हा एवढासा डोंगरी देश. जुलैत तिथे हाडं गोठवणारी थंडी असते आणि नर्सेस युनिफॉर्मवर जाड लोकरी ब्लँकेट पांघरून, छातीशी मोठी पिन खोचून फिरतात. मी प्रेमा भिंगारदिवे. नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली, नवरा आणि बारा वर्षांचा मुलगा सासूबाईंच्या हवाली करून दोन वर्षांच्या करारावर तिथल्या एका जिल्ह्याच्या हॉस्पिटलात सिस्टर म्हणून गेले होते. भिंगारदिवे हे आडनाव तिथे एकाही जिभेला पेललं नाही. पहिल्याच आठवड्यात त्याचं 'बिंगा' झालं आणि मीही मुकाट्याने त्या नावाला ओ देऊ लागले.

भाषा मला जेमतेम चार शब्द यायची. त्यातला पहिला हाच. रस्त्यात कोणी भेटलं की विचारायचं "ऊ तेंग?", आणि समोरच्याने म्हणायचं "के तेंग". कशी आहेस, बरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण शब्दाला शब्द लावला तर होतं 'आहेस का?' आणि 'आहे'. आमच्याकडची म्हातारी माणसं 'कसं काय?' विचारल्यावर नुसतंच 'आहे' म्हणतात ना, तसं. तेव्हा नाव घेऊन 'आहेस का?' असं विचारलेलं ऐकल्यावर मला ही हजेरी वाटली तर त्यात माझं काय चुकलं? पण चुकलं ते चुकलंच.

व्यासपीठावरच्या बाई म्हणजे म्मे मापुलेंग. म्मे म्हणजे आई, पोक्त बाईला तिथे अशीच हाक मारतात. देशाच्या नर्सेस असोसिएशनच्या आमच्या जिल्हा शाखेच्या त्या अध्यक्ष होत्या. असोसिएशन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपले ठराव, हार आणि ग्रुप फोटो यायचे. ही बाई मात्र आपली ड्युटी संपवून घोड्यावर बसायची आणि दोन-दोन डोंगर ओलांडून अशा दवाखान्यांत जायची, जिथे एकच नर्स वर्षानुवर्षं एकटी काम करत असते. बरोबर हातमोज्यांची खोकी न्यायची, चहाची पूड न्यायची, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "शेवटची सुट्टी केव्हा घेतलीस?" मग परत येऊन मंत्रालयाला अशी पत्रं लिहायची की तिथले साहेब लोक तिचं नाव ऐकलं की फोन खाली ठेवायचे.

माझं बोलणं संपल्यावर मापुलेंगनी चष्मा काढला. मला वाटलं, आता भर सभेत आपली हजेरी घेतली जाणार.

"ऑन ड्युटी," त्या स्वतःशी म्हणाल्या. मग शेजारी बसलेल्या सेक्रेटरीकडे वळल्या. "सिस्टर बिंगा म्हणते, ऑन ड्युटी. तसंच लिही नावापुढे."

सेक्रेटरीने खरोखर तसं लिहिलं. कोणी हसलं नाही.

मी मान खाली घालून बसले. डावी मूठ आवळलेली होती, ती आणखी आवळली. 'झाकली मूठ सव्वा लाखाची,' असं आमची आई म्हणायची. माझ्या त्या मुठीत सव्वा लाखाचं काहीच नव्हतं. तर्जनीला एक चिकटपट्टी होती, आणि त्या पट्टीखाली सुईचं एक भोक होतं.

परवाची, गुरुवारची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला मी एका पेशंटचं रक्त घेतलं. बाई तिशीची, वजन शाळकरी मुलीएवढं, तोंड आतून पांढरं पडलेलं. तिला काय झालंय हे सांगायला तपासणी नको होती. तेव्हा त्या देशात तीन-चार माणसांमागे एकाला एचआयव्ही होता आणि आमच्या वॉर्डात तर तीनांत दोघींना. रक्त घेऊन झालं आणि मी सुईला टोपण लावलं. दोन्ही हातांनी. एका हातात टोपण, दुसऱ्या हातात सिरिंज, जसं नगरला वीस वर्षं लावत आले तसं. समोरच्या भिंतीवर असोसिएशनचं भलंमोठं पत्रक होतं: 'सुईला टोपण लावू नका.' ते पत्रक मीच चिकटवलं होतं. आठ दिवसांपूर्वी त्याच वॉर्डात उभं राहून मी नव्या मुलींना त्याच्यावर व्याख्यानही दिलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सुई टोपणाच्या बाजूने निसटली आणि हातमोज्यातून बोटात गेली.

मी नळाखाली बोट धरलं. वळून पाहिलं तर दारात न्थाबिसेंग उभी, माझी न्थाबिसेंग, आमच्या वॉर्डातली. सव्वीस वर्षांची, मला मराठीतून 'चल, चहा' म्हणायला शिकलेली.

"काय झालं, सिस्टर?"

"काही नाही. पाणी गार आहे."

ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग तिला खोकला आला. मार्चपासून येत होता तो. भिंतीला हात लावून ती खोकली, आणि खोकला थांबल्यावर मी तिच्या ढगळ झालेल्या युनिफॉर्मच्या कमरेला लावलेल्या पिनकडे पाहिलं. दर महिन्याला ती पिन दोन बोटं आत सरकत होती.

"तू काही पाहिलं नाहीस," मी म्हणाले.

"नाही, सिस्टर." ती डोळे न उचलता म्हणाली. "आणि तुम्हीही नाही."

तेरी भी चूप, मेरी भी चूप.

नियम मला पाठ होता. सुई टोचली की बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू करायच्या, अठ्ठावीस दिवस घ्यायच्या, म्हणजे बहुतेक वेळा माणूस वाचतो. जितका उशीर तितका धोका. पण गोळ्या हव्यात तर अर्ज करा, रक्त द्या, मेट्रनला कळवा. माझ्या करारात 'आरोग्यदृष्ट्या पात्र' असे शब्द होते आणि त्यांचा अर्थ मी माझ्या भीतीप्रमाणे लावला होता. मेट्रन लिनेओ कडक बाई, पहिल्याच विमानात बसवून देतील. आणि नगरला जाऊन सांगायचं काय? सुई टोचली यावर विश्वास कोण ठेवणार? त्या आजाराच्या नुसत्या संशयावरून लोकांनी पाण्याचा तांब्या वेगळा केलेला मी पाहिलेला होता. दोन रात्री मी तास मोजले. शनिवारी हॉलमध्ये येऊन बसले तेव्हा सेहेचाळीस झाले होते. रविवारी सकाळी अकराला बहात्तर भरणार होते, आणि मी काय करत होते, तर मूठ झाकून बसले होते.

यादीत सात नावं होती, न्थाबिसेंगचं पहिलं. एका जिल्ह्यातल्या, एका वर्षातल्या सात नर्सेस. प्रत्येक नाव तीनदा पुकारलं जायचं, उत्तर यायचं नाही, मग सेक्रेटरी समोर पेटवलेल्या मेणबत्त्यांतली एक विझवायची. कशाने गेल्या ते कोणी म्हणत नव्हतं. तिथल्या मयतीतही म्हणत नसत. 'छोट्याशा आजाराने' असं सांगायचे. सातवी मेणबत्ती विझली. सेक्रेटरी वही मिटायला लागली, तर मापुलेंगनी तिच्या हातावर हात ठेवला.

"सिस्टर मापुलेंग त्सोलो, ऊ तेंग?"

कोणाला काही समजेना. सेक्रेटरीने वर पाहिलं.

"सिस्टर मापुलेंग त्सोलो, ऊ तेंग?"

मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. बाहेर रस्त्यावर कोणीतरी मक्याची कणसं विकत ओरडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

तिसऱ्यांदा पुकारून त्यांनी वाट पाहिली. एखाद्या मेलेल्या माणसासाठी थांबावं तेवढ्या थांबल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "के तेंग." आहे.

"दोन वर्षांपूर्वी मी माझा पुरायचा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता," त्या बोलू लागल्या. माझ्या शेजारणीने मला भराभर इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, पण पुढचं मापुलेंग स्वतःच इंग्रजीतून बोलल्या, बहुधा माझ्यासारख्यांसाठी. "तुम्हाला वाटलं, बाईला डायबिटीस आहे. मीच तसं सांगितलं होतं. गोळ्या आणायला मी दर महिन्याला पहाटेच्या बसने राजधानीला जाते, जिथे मला कोणी ओळखत नाही. डोक्यावरून ब्लँकेट घेऊन बाकावर बसते. तीस वर्षं मी पेशंटला सांगत आले, लाजू नका, लवकर या. आणि मी स्वतः चोरासारखी जाते."

त्यांनी चष्मा ब्लँकेटच्या काठाला पुसला.

"पोस्टाच्या मागे आपल्या असोसिएशनने खोली घेतली आहे. फक्त नर्सेससाठी. तपासणी आहे, औषध आहे, राजधानीची एक सिस्टर आहे. तीन आठवडे झाले. मी रोज तिथे बसते. दोन स्वेटर विणून झाले माझे. एक नर्स आली नाही. का येत नाही ते मला कळतं. तुम्हाला भीती वाटते की तिथे मापुलेंग भेटेल आणि मापुलेंगला कळेल." त्या जरा हसल्या. "म्हणून आज मापुलेंगचं तुम्हाला आधी कळू दे."

मग त्यांनी एक म्हण म्हटली आणि अर्ध्या हॉलने तोंडातल्या तोंडात ती पुरी केली. लेकराची आई सुरी पात्याकडून धरते, असा तिचा अर्थ. मूल सुरीशी खेळत असलं तर आई मूठ कुठे आहे ते बघत बसत नाही, हाताला सापडेल तिथून धरते.

ती म्हण त्यांच्या तोंडून ऐकताना बाकीच्यांना काय वाटलं असेल, ते मला नंतर समजलं. मापुलेंग म्हणजे पुलेंगची आई. आपल्याकडे हिंदू लग्नात ताटातल्या तांदळात नवरीचं नवं नाव लिहितात, तसं तिथे सासरची माणसं सुनेला होणाऱ्या बाळाची आई म्हणून नाव देतात. बाळ पुढे जन्मतं आणि ते नाव घेतं. ह्यांची पुलेंग कधी जन्मलीच नाही. नाव तेवढं राहिलं.

"मी आता तिकडे चालले आहे," त्या म्हणाल्या. "युनिफॉर्मवर, बाजारातून. कोणाला यायचं असेल तर या."

त्यांनी ब्लँकेटची पिन काढली, ब्लँकेट घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि त्या थंडीत नुसत्या पांढऱ्या युनिफॉर्मवर, खांद्यावरच्या तांबड्या पट्ट्या दिसतील अशा, मधल्या वाटेने चालत दाराबाहेर गेल्या. उंचीने पाच फूटही नसतील. मी आयुष्यात बिशप पाहिलेत, मंत्री पाहिलेत, पण माणसाने एवढं ताठ चालावं हे त्याआधी पाहिलं नव्हतं. मला रडू यायला लागलं.

आणि तरी मी उठले नाही.

दुसरीच्या नावाला ताडकन उठलेली मी, स्वतःच्या जिवाचं आलं तेव्हा बाकाला चिकटून बसले. कोणीच उठलं नाही. पुढच्या बाकावर आमच्या मेट्रन लिनेओ बसल्या होत्या, त्यांची पाठ मला दिसत होती, आणि त्या पाठीची मला जास्त भीती वाटत होती. दोन मिनिटं मी थांबले असेन. मग बाजूच्या दारातून हळूच सटकले आणि हॉस्पिटलचा रस्ता धरला. बिचाऱ्या मापुलेंग, मी मनात म्हणत होते, जाऊन आता तिसरा स्वेटर विणत बसतील.

फीमेल वॉर्डात न्थाबिसेंग थर्मामीटर पुसत होती. मला पाहिल्यावर तिने ते ट्रेमध्ये ठेवलं.

"मेलेल्यांच्या यादीत तुम्ही माझ्या नावाला ओ दिलीत?"

बातमी माझ्या आधी पोचली होती. "अगं, मला वाटलं, हजेरी आहे."

"सगळं हॉस्पिटल हसतंय, सिस्टर. कोणी म्हणतं अपशकुन झाला. आमच्या स्वीपरने मला देवाचं नाव घेऊन हात लावून पाहिलं, मी आहे का म्हणून."

"चुकलं माझं. माफ कर."

ती हसेल असं मला वाटलं. ती स्टुलावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. "पुढच्या वर्षी ते खरंच माझं नाव असेल. मग तुम्ही काय सांगाल? ऑन ड्युटी?"

वॉर्डात पेशंट होते. मी पडदा ओढला आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. मापुलेंग काय म्हणाल्या ते तिला सांगितलं. यादीतलं शेवटचं नाव सांगितलं. ती रडायची थांबली आणि तोंड उघडं टाकून ऐकत राहिली.

"म्मे मापुलेंग? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग किती जणी गेल्या त्यांच्याबरोबर?"

मी ओढलेला पडदा पुन्हा सारखा करू लागले. तिने माझी डावी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली.

"गुरुवारी काय झालं, ते मी पाहिलं, सिस्टर," ती म्हणाली. "तुम्हाला सुई टोचली. मी पाहिलं."

आमचा करार मोडला होता. आता माझी पाळी होती.

"तुझा खोकला मी पाहिलाय," मी म्हणाले. "मार्चपासून बघतेय. तुझी पिन कुठवर आत गेली तेही मला माहीत आहे. मी तुझी सीनियर, आणि मी तोंड शिवून बसले."

"मला एकटीला जमणार नाही."

"मला तरी कुठे जमलं?"

एक वाजता आम्ही दुपारच्या नर्सला वॉर्ड हवाली केला, एकेका खाटेपाशी थांबून, नेहमीसारखा. मग न्थाबिसेंगने ब्लँकेट उचललं, जरा विचार केला आणि खुंटीवर परत अडकवलं. मीही स्वेटर काढून ठेवला.

बाजारातून चालताना माझे दात वाजत होते. थंडीने की भीतीने, देव जाणे. कणसं भाजणाऱ्या बायका निखाऱ्यांवरून हात शेकत होत्या. त्यातली एक ओरडली, "बो-म्मे, ले तेंग?" बायांनो, आहात का?

"रे तेंग," न्थाबिसेंग म्हणाली. आहोत. माझ्या दंडाला धरलेला तिचा हात गरम होता, तिला ताप होता.

पोस्टाच्या कोपऱ्यावर मी थांबले. "खोली रिकामी असेल," मी तिला म्हणाले. "मापुलेंग एकट्याच असतील. घाबरू नकोस. आत जायचं आणि दार लावून घ्यायचं."

आम्ही कोपरा वळलो.

पोस्टाच्या मागच्या भिंतीला लागून नर्सेस उभ्या होत्या. खोलीच्या दारापासून सुरू झालेली रांग भिंतीच्या कडेने, पोस्टाच्या लाल पेटीवरून, पुढे उंच पॉप्लरच्या झाडांपर्यंत गेली होती. ब्लँकेट एकीच्याही अंगावर नव्हतं. पांढरे युनिफॉर्म, तांबड्या पट्ट्या, तोंडातून निघणाऱ्या वाफा. पन्नासच्या वर असतील. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, आणि त्यांना दिसू नये म्हणून एकीनेही तोंड फिरवलं नव्हतं. पुढच्या बाकावरची ती म्हातारी नर्स काठी टेकून उभी होती. माझी शेजारीण होती. वर्षभर सकाळ-संध्याकाळ पाहिलेले ते चेहरे, पण मला वाटलं आपण ह्या बायकांना ओळखतच नव्हतो. कोणीतरी हळू आवाजात एक गीत धरलं होतं. शब्द मला कळले नाहीत, चाल मात्र आमच्या नगरच्या मिशनच्या देवळातली होती. लहानपणापासून मी ती चाल गात आले होते, आणि गीत कशासाठी असतं ते मला त्या भिंतीपाशी समजलं.

आणि रांगेच्या शेवटी, एका शिकाऊ असिस्टंटच्या मागे, मेट्रन लिनेओ उभ्या होत्या.

मी सटकल्यावर सगळ्यांत आधी त्याच उठल्या होत्या म्हणे. 'माझ्या बहिणीने एकटीने चालायचं नाही,' एवढंच बोलल्या आणि निघाल्या. मग हॉल उठला. पण रांगेत त्या शेवटी जाऊन राहिल्या, मुलींना आधी जाऊ दे म्हणून.

त्यांनी आम्हाला पाहिलं. न्थाबिसेंगकडे बघून नुसती मान हलवली, जणू तिचीच वाट पाहत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "सिस्टर बिंगा, तुम्ही? तुम्हाला यायलाच हवं असं नाही."

मी डावा हात पुढे केला आणि मूठ उघडली. दोन दिवसांत ती इतकी आवळली गेली होती की बोटं सरळ व्हायला वेळ लागला.

मेट्रननी पट्टीकडे पाहिलं. कोण पेशंट, कसं झालं, आधी का नाही सांगितलं, टोपण का लावलं, ह्यातलं एकही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "किती तास?"

"पन्नास."

त्या वळल्या आणि त्यांनी वॉर्डात इमर्जन्सीला लावतात तसा आवाज लावला. "सुई! पन्नास तास. वाट द्या!"

"पन्नास," पुढची म्हणाली आणि भिंतीला टेकली. "पन्नास," तिच्या पुढची. तो आकडा तोंडातोंडी पुढे जात होता आणि रांग दाराच्या बाजूने उलगडत होती. त्या प्रत्येकीला पन्नासचा अर्थ माहीत होता, बहात्तरमधून तो वजा करता येत होता. मी त्या पांढऱ्या युनिफॉर्ममधून चालत गेले. ज्यांना स्वतःच्या रक्तात काय आहे ते ठाऊक नव्हतं, ज्यांना आत जाऊन कदाचित सर्वांत वाईट बातमी ऐकायची होती, त्या बाजूला सरून मला पुढे सोडत होत्या, कारण माझं अजून वाचण्यासारखं होतं. म्हातारीने काठी काखेत धरली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला दारात ढकललं.

आत मापुलेंग लोकर बाजूला ठेवून उभ्या होत्या. "आलीस?" त्या म्हणाल्या. "ये. बस. आधी ही गोळी घे, मग रड."

अठ्ठावीस दिवस मी गोळ्या घेतल्या आणि अठ्ठावीस दिवस ओकले. सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी रक्त तपासलं. काही निघालं नाही. मला कोणी विमानात बसवलं नाही. उलट मेट्रननी मलाच सुईच्या टोपणावर बोलायला सगळ्या वॉर्डांतून फिरवलं, बोटासकट. त्या शनिवारी खोलीत गेलेल्यांपैकी कोणाचं काय निघालं ते असोसिएशनने कधी सांगितलं नाही. न्थाबिसेंगचं मला तिनेच सांगितलं. तिला तो आजार होता, आणि वर टीबी. दोन्हींची औषधं त्याच खोलीत सुरू झाली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिची पिन बाहेर सरकत सरकत मूळच्या जागी आली.

माझ्या त्या दिवशीच्या चुकीचा मात्र रिवाज झाला. तो कोणी ठरवला नाही. पुढच्या वर्षी यादीतलं पहिलं नाव तीनदा पुकारून झालं आणि मागून कोणीतरी म्हणालं, 'ऑन ड्युटी, मॅडम.' मग सगळा हॉल म्हणाला. तेव्हापासून त्या जिल्ह्यात असंच चालतं.

आता न्थाबिसेंग शाखेची अध्यक्ष आहे. मी करार संपवून नगरला परतले त्याला बरीच वर्षं झाली, पण जुलैतल्या त्या शनिवारी तिचा फोन येतो आणि ती तो टेबलावर स्पीकर लावून ठेवते. तिथे सकाळचे साडेनऊ, इथे दुपारचा एक. ह्या वर्षी फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. सुनेने फोन परातीशेजारी उभा करून दिला.

यादीत दोनच नावं होती. पहिलं झालं, हॉलने उत्तर दिलं.

"सिस्टर मापुलेंग त्सोलो, ऊ तेंग?"

मला ठाऊक होतं. एप्रिलमध्येच कळलं होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आपल्या घरी, आपल्या खाटेवर, झोपेत गेल्या. मरायचं म्हणून ड्रेस इस्त्री करून ठेवलेली बाई त्यानंतर चोवीस वर्षं जगली. तरी नाव ऐकल्यावर माझे हात पिठातच थांबले.

दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. मी हॉलच्या आवाजाची वाट पाहू लागले. आवाज आला नाही. फोन बंद पडला की काय म्हणून मी वाकून पाहिलं, तर कोणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला. हॉल भरलेला होता, आणि गप्प होता.

"सिस्टर बिंगा," न्थाबिसेंग म्हणाली, "आम्ही थांबलोय."

मी पिठाच्या हाताने ओट्याला धरून नीट उभी राहिले.

"ऑन ड्युटी, मॅडम," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.